प्लेट थरथरली

सणसवाडीच्या शेडमध्ये प्रतिभाचा आज शेवटचा चान्स होता. झिजलेल्या पार्टवर लेसरने धातूची पावडर वितळवून नवा थर चढवायचा, हे तिथलं रोजचं काम. पण थरात बुडबुडे अडकायचे आणि बारीक भोकं राहायची. वितळताना खालून अल्ट्रासॉनिक कंपनं दिली तर बुडबुडे निघून जातील, हा दौंडच्या या पोरीचा हट्ट. पंधरा प्लेटा झाल्या, भोकं जशीच्या तशी. "आज जमलं तर बघू, नाहीतर उद्यापासून डिस्पॅचला बसा," मालक सत्यजीत यांनी साफ सांगितलं होतं.

ऑपरेटर गेणबा आप्पांनी प्लेट चारही कोपऱ्यांत क्लॅम्पने आवळली, पान्याला पाइप लावून, अंगातला सगळा जोर काढून. वडगाव रासाईचा हा धनगर गडी, ढिलं काम त्याला खपायचंच नाही. मग नेहमीसारखा पुडीतला भंडारा प्लेटवर उधळला.

"आप्पा, रोज मला पुसावं लागतं हो!" प्रतिभा वैतागली आणि त्याच तिरमिरीत तिने कंपनांचं बटण दाबलं.

हळद ढिम्म. कणसुद्धा हलला नाही. प्रतिभा बघतच राहिली. म्हणजे त्या पंधरा प्लेटा थरथरल्याच नव्हत्या!

"आप्पा, क्लॅम्प सोडा!"

"ढिल्या जॉबवर लेसर? येड लागलंय व्हय पोरी?"

"लेसर बंद आहे. सोडा तर!"

कुरकुरत त्यांनी नट सैल केले, आणि हळद जी पळत सुटली! बघता बघता दोन पिवळ्या रेघा उमटल्या.

"आयला!" आप्पा खालीच वाकले. "भंडारा हितंच का थांबला?"

"तिथं प्लेट हलत नाही. आता तिथंच धरायचं, म्हणजे बाकीची मोकळी थरथरेल!"

हळद पुसली, त्या रेघांवर क्लॅम्प लावले, लेसर चालवला. गार झालेला थर घासला, त्यावर लाल रंग मारून पुसला आणि वरून पांढरा स्प्रे मारला. भोक असेल तिथं लाल ठिपका उठणार. सत्यजीत घड्याळ धरून उभे.

दहा मिनिटं झाली. प्लेट पांढरीशुभ्र.

"साहेब, क्लॅम्पची जागा आप्पांच्या भंडाऱ्यानं दाखवली," ती घाईघाईने म्हणाली.

सत्यजीत यांनी प्लेट उजेडात उलटसुलट धरली. "डिस्पॅचला दुसरं कुणीतरी बघतो," ते म्हणाले.

प्रतिभाने आनंदाने अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या शेडमधले कामगार काय झालं म्हणून धावत आले.