दोघांचा आवाज एकट्या दादावर

माझी तार काढली, तेव्हा दादाचा आवाज कमी का नाही केला? आर्वीच्या दुकानात खिळ्याला टांगल्या टांगल्या मी येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारतो. मी लाऊडस्पीकरचा भोंगा बोलतोय, जोडीतला धाकटा. जोडी फुटल्यापासून मला कोणी नेत नाही.

आम्ही एकाच पेटीतून आलो. मालक रूपराव; आवाज मोठा करणारं बॅटरीवरचं मशीन नत्थू सांभाळी. आम्ही प्रत्येकी सोळा ओमचे; ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. दोघांना सोबत जोडलं की विजेला दोन वाटा मिळून आठच भरतात, म्हणून नत्थू तार मशीनवरच्या आठ आकड्याच्या स्क्रूला आवळी. मशीनची ताकद आम्ही निम्मी निम्मी वाटून घ्यायचो.

छप्पनच्या उन्हाळ्यात आंजीला लग्न होतं. दादा मांडवावर, मी वरपक्ष उतरला त्या शाळेवर. मुलीची आत्या तानाबाई माइक धरून व्याह्याची खोडी काढत गाऊ लागली. तशी रीतच आहे.

"व्याही आले बैलगाडीनं, पोट आलं मागून वं!"

शाळेतले वऱ्हाडी खो खो हसले. मुलाचे वडील बंडोपंत तेवढे लाल झाले.

"आमच्याच डोक्यावर बसून आमचीच टिंगल? काढा हे भोंगं! नाई तं नवरदेव येत नाई!"

कोणीतरी माझी तार उपटली.

पुढचं नत्थूनं नंतर रूपरावांना सांगितलं, तेव्हा कळलं. तानाबाईला चेव चढला होता. "मोठं कर, नत्थू! व्याह्याले तिथवर आयकू गेलं पायजे."

"एकच भोंगा राह्यला, आत्याबाई."

"मंग? दोघाचं एकटा म्हणन!"

नत्थूनं तार सोळाच्या स्क्रूवर नेली. आकडा बरोबर जुळला. पण आता सगळी ताकद एकट्या दादावर, आणि आवाजाचं बटन शेवटापर्यंत पिळलेलं. मी मुका, गावाच्या या टोकाला ऐकत होतो. दादा घोगरला. चिरकला. मग काहीच नाही.

मुहूर्त जवळ आला. बंडोपंत खाटेवरून हलेनात. नत्थू धावत आला, माझी तार जोडली. "मोठा जळला बापा. आता तूच." या खेपेला बटन त्यानं निम्म्यावरच ठेवलं होतं.

मनात आलं, नुसती खरखर करावी. मोडू दे लग्न! तेवढ्यात तारेतून तानाबाईचा श्वास आला.

"व्याहीबुवा, चुकलं माहं. पोरीले शिक्षा नका देऊ. या जी."

ती रडत होती. मी तिचा शब्द न शब्द, हुंदक्यासकट, बंडोपंतांच्या खाटेपर्यंत पोचवला.