पानांचा ओला कपडा

“पानांचा कपडा बाळापासून लांब ठेव गं,” सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं. “अहो आई, कॉलेजात शिकलेय मी. वाईट असतो तो धूर. पान काय करतंय?”

सिगारचं वरचं तंबाखूचं पान वाळलं की वळताना फाटतं, म्हणून ती घरी वळायला बसली की पानं ओल्या कपड्यात गुंडाळून मांडीवर ठेवायची. त्या दुपारी बाळाची लाळ गळली. हात डिंकाने बरबटलेले, म्हणून तिने तोच कपडा त्याच्या तोंडावरून फिरवला आणि बाळ त्याचं टोक चोखत बसलं. थोड्या वेळात ते ओकलं, पांढरंफटक पडलं आणि त्याने मान टाकली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाचवलं; कपड्यात उतरलेला तंबाखूचा रस पोटात गेला होता, म्हणाल्या. घरी आल्यावर सासूबाई एवढंच बोलल्या, “धूर काही दिसला नाही हो मला.”

आता कपडा उंच खुंटीवर असतो, तरी तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. एक सिगार वळून झाली की ती उठते आणि बाळाची बोटं हुंगते. समोरच्या घरची सूनही हल्ली वळायला बसते, आणि तिचं बाळ रांगतंय. हिने सांगून पाहिलं, तर ती हसली.

तुम्ही तिकडून जाणार असाल तर हिची एवढीच विनवणी आहे: त्या बाळाकडे एकदा डोकावून या.