पहिलं पाणी

"आई, आज काईबी कर, पण ठरव!" फोनवर शिवकन्या वैतागली होती. "गडवाल्यांच्या शेकोटीला जेवायचं का डोहवाल्यांच्या? किती दिवस दोघांच्या मधी फिरत राहशील?"

दैवशालाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. मशीनवर ब्लाऊज अर्धा शिवून पडला होता आणि शेजारच्या स्टुलावर लेकीचा जुना लॅपटॉप उघडा होता. बदनापुरात स्टेशनाजवळच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी, पन्नाशी उलटलेली बाई भरदुपारी जादूटोण्याचा आणि लढायांचा खेळ खेळते, हे गिऱ्हाईक बायकांना कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. हसोत बापड्या! लेक पुण्याला नोकरीला गेली, घर खायला उठलं. मग लेकीनेच फोनवरून एकेक बटण शिकवलं.

खेळात दोन टोळ्या होत्या. एकीचा मुक्काम गडावर, दुसरीचा डोहाकाठी. दैवशाला गडावर मीठ पोचवायची, तिथल्या खोकणाऱ्या म्हातारीला औषध द्यायची, डोहाकाठची हरवलेली जनावरं हुडकून आणायची. पण घास कुणाकडे घ्यायची नाही. ज्यांच्या शेकोटीला पहिल्यांदा जेवाल, ते तुमचे. दुसरे कायमचे वैरी.

"मी दोघांचंबी काम करते ना? मंग?"

"नुसतं काम करून जमत न्हाई आई. उद्या काळी फौज येणार. तू कुणाकडंच न्हाई बसलीस तर दोघंबी मरतील."

"मेल्याहो, असा कसा खेळ काढला तुमी," दैवशाला पुटपुटली. डोहवाल्यांचा नाईक झोपडीच्या दारात बसून गुडघा चोळत होता. काही काम नसलं की तो तेवढंच करायचा. कल्याणही तेवढंच करायचा.

कल्याण तिचा धाकटा भाऊ. विहिरीवर मोटर कुणी कधी लावायची, यावरून त्याचं आणि थोरल्या रामकिसनचं फाटलं. अंबडजवळच्या त्यांच्या गावात अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. आणि भावकीत भांडण लागलं की त्या गावात एकच गोष्ट बघतात. आलेला माणूस पहिलं पाणी कुणाच्या घरी पितो. ज्याच्या घरी प्याला, त्याच्या बाजूचा.

दैवशालाला हे काय ठाऊक नव्हतं? तिथेच वाढलेली ती! पण भिंत झाल्यावरच्या पहिल्याच भाऊबीजेला रामकिसन मोटरसायकल घेऊन अंबडच्या स्टँडवर आला. उन्हाने तिचा जीव कासावीस झाला होता. वहिनीने तांब्या पुढे केला आणि ही घटाघटा प्याली. वर चहाही घेतला. भिंतीपलीकडे कपबशीचा आवाज जाणारच होता.

मग ती कल्याणकडे गेली. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती. नवा शर्ट घालून कल्याण दारात गुडघा चोळत बसला होता.

"आक्का, तिकडं पाणी पेलीस ना? बराबर हाय. मंग तिकडलीच राह्य."

त्याने स्वतःच्या हाताने पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. ती ओवाळणीचं ताट घेऊन तशीच परत फिरली. पुढची दिवाळी यायच्या आत कल्याणच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

तेव्हापासून दुपारी मशीन थांबलं की तिला कपाटाजवळ तोच नवा शर्ट घातलेला कल्याण दिसायचा. बोलायचा नाही, नुसता बसायचा. तिला भीती वाटायची नाही. लाज वाटायची.

"आई? हायेस का?"

"हाय." दैवशालाने बटण दाबलं. ती डोहवाल्यांच्या शेकोटीला जाऊन बसली. नाईकाने वाडगा पुढे केला. तिचे डोळे भरून आले. "खा रे बाबा, तूबी खा," ती त्या पडद्याला म्हणाली.

जेवण झालं आणि गडावरून पहिला बाण आला. सोडणारी ती खोकणारी म्हातारी होती.

"असंच असतं," शिवकन्या हलकेच म्हणाली. "आता गडवाले तुझ्याशी कधीच बोलणार न्हाईत."

दैवशालाने मान वर केली. कपाटाजवळ तो बसलेलाच होता. खेळातल्या घासाने त्याचं पोट कसं भरणार?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तिने रामकिसनला फोन केलाच नाही. अंबडहून मिळेल त्या रिक्षाने ती गावात उतरली. आज थोरल्याचं दार डावीकडे सोडून ती कल्याणच्या घरात शिरली.

त्याची बायको गिरिजाबाई दचकून उभी राहिली. "वन्सं! तुमी? इकडं?"

"पाणी दे गिरिजा. अजून कुठंच पेले न्हाई."

गिरिजाबाई लगबगीने वळली. आत जाऊन तांब्या घेऊन आली. पाट अजून तिथेच होता, कल्याणने टेकवला तसा, धुळीने माखलेला. दैवशालाने तो पदराने पुसला, मांडला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून सावकाश पाणी प्याली. गिरिजाबाईला हुंदका आवरला नाही. मग दोघी मोकळेपणाने रडल्या.

रडं पलीकडे ऐकू गेलं असणार. तिथे चाललेलं बोलणं थांबलं.

"आली का दैवशाला?" रामकिसनचा आवाज आला. कुणीतरी दबक्या आवाजात त्याला काहीतरी सांगितलं.

दैवशाला हातात तांब्या धरून ऐकत राहिली. थोड्या वेळाने पलीकडून पाट उचलून भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.