बाहेरची कडी

"आतून लावायची की बाहेरून?" सुतारानं विचारलं.

"बाहेरून."

त्यानं खोलीत डोकावून पाहिलं. आत पलंग, खुर्ची, आणि खुर्चीत आमचे हे. मग तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाबा रे, माझ्या तोंडावर माप लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "दाराकडे बघ आणि हात चालव."

उभा जन्म पंपावर फिटर म्हणून काढला या माणसानं. अख्ख्या गावाला पाणी पाजलं. आता स्वतःला तहान लागलीय का, हे मला विचारतात. तेही मी चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात दुपारी माझा जरा डोळा लागला आणि हे निघाले कामावर. भर रस्त्यात मधोमध उभे. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचले, वर त्याच्याशीच भांडत होते, पाणी सोडायची वेळ झाली, मला जाऊ दे. तेव्हापासून माझे कान दाराला टांगलेले आहेत. भांडं वाजलं तरी छातीत धस्स होतं. सून नर्स, ती दिवसभर दवाखान्यात. थोरला मुलगा घरातच असतो, पण कानाला ते हेडफोनचं मोठं यंत्र लावून बसला की घर पेटलं तरी मान वळवायचा नाही.

थोरल्याचं काम सांगितलं की लोक हसतात, म्हणून मीच आधी हसून घेते. कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. त्यात तळ्यातल्या बेटावर डोंगराएवढा लांडगा बांधून ठेवलाय. खेळ बाजारात जाण्याआधी तो कुठून सुटत नाही ना, एवढं बघायचं. त्याचा पगार देतात! दिवसभर हा खेळातल्या भिंतींना धडका मारतो, खडकातल्या फटी तपासतो. मध्ये एकदा लांडग्याचा मागचा पाय खडकातून आरपार बाहेर आला, तर कचेरीत कोण हलकल्लोळ. मी म्हटलं, "चितारलेल्या जनावरापायी एवढी धावपळ, आणि तुझा खराखुरा बाप रस्त्यावर गेला तेव्हा रे?" दुसऱ्या दिवशी ही कडी तोच घेऊन आला.

आज सकाळी, सुतार यायच्या आधी, हे थोरल्याच्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे बघत होते.

"याला बांधलं कुणी?"

"देवांनी, बाबा. युरोपातली जुनी कथा आहे. पिल्लू होता तेव्हा त्यांनीच वाढवला. मोठा झाला तसे घाबरले. म्हणाले, तुझी ताकद बघू, हे साखळदंड तोडून दाखव. यानं तोडले. पुन्हा आणले, पुन्हा तोडले. मग रेशमासारखी मऊ दोरी आणली, तेव्हा याला संशय आला. म्हणाला, बांधून घेतो, पण दगा नाही याची खूण म्हणून कुणीतरी माझ्या जबड्यात हात ठेवा."

"मग?"

"एकानं ठेवला. दोरी काही तुटली नाही. बाकीचे देव हसले, आणि त्या एकाचा हात गेला."

"बरी अद्दल घडली," मी भाजी निवडता निवडता म्हटलं.

हे पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "याला रोज खायला घालणारा असेल तो."

थोरल्यानं वळून पाहिलं. "हो बाबा. तो एकटाच याच्याजवळ जायचा. तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरा कोण कशाला हात ठेवील?"

असं काहीतरी बोलतात आणि मला वाटतं, आला माझा माणूस परत. पण लगेच माझ्या कानाशी येऊन विचारलंच, "हा मुलगा कुणाचा गं?"

सुतार कोयंडा ठोकायला लागला तसे हे खुर्चीतून उठले. माझा जीव टांगणीला. हे दाराशी गेले, कडी सरकवून पाहिली.

"अडकतेय. कोयंडा जरा वर घे. आण इकडे तो पेचकस."

सुतारानं मुकाट्यानं दिला. डोकं विसरलं असेल, हात काही विसरले नव्हते. एकेक स्क्रू असा बसवला की सुतार म्हणाला, "काका, उस्ताद आहात तुम्ही!" हे लाजले.

"अगं, मी आत जातो, तू लाव. जोर लावून बघतो."

मी थोरल्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या बटणांवरचा त्याचा हात थांबला होता. तोही माझ्याकडेच बघत होता.

मी कडी लावली. आतून ह्यांनी खांदा मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला.

"वा! पक्की बसली!" आतून आवाज आला. "उघड आता."

सुतार भुसा गोळा करत खाली बघत राहिला. मी लगेच उघडलं. घामाघूम होऊन, पण हसत बाहेर आले, आणि सुताराकडे बघून म्हणाले, "याला चहा दे. मन लावून काम करतो पोरगा."

दुपारी जेवणं झाली. माझे डोळे पेंगायला लागले, म्हणजे घात व्हायची वेळ. मी ह्यांना खोलीशी नेलं. उंबऱ्यावर हे थबकले. कडीवरून अंगठा फिरवला.

"ही बाहेरून का?"

उत्तराला कधी कमी पडले नव्हते मी. सासूसुद्धा हरली होती माझ्यापुढे.

"तुम्हीच तर बसवलीत," कसंबसं म्हटलं.

"मी?" चौकट घट्ट धरून उभे राहिले. "मग तूही ये आत."

मी थोरल्याला हाक मारली. "मी आत जातेय. लाव."

"आई, तू कशाला—"

"लाव म्हणते ना."

कडी पडली. हे पलंगावर आडवे झाले आणि लहान मुलासारखे झोपले. मी खुर्चीत टेकले, तोच आठवलं, गॅसवर दूध. माझ्या हातून आजवर दूध उतू गेलेलं नाही. उठले, दाराला हात लावला. धडधड वाजवावं तर हे जागे होणार. हळू हाक मारावी तर थोरल्याच्या कानाला ते यंत्र. जळका वास आला आणि मी तशीच उभी, माझ्याच घरात.

एवढ्यात बाहेर खुर्ची सरकली. पावलं धावली. गॅस बंद झाल्याचा खटका ऐकू आला. यंत्र कानावरून काढून बसला होता तर.

दाराशी येऊन तो हळूच म्हणाला, "आई, उघडू?"

ह्यांच्या पायात बाहेर जायच्या चपला तशाच होत्या. मी काढायला वाकले, पट्ट्याला हात लावला, आणि राहू दिल्या.

"नको," मी म्हटलं. "अजून झोपलेत."