तेरा तारखेचा दगड

पाथरवटाची एक सवय सगळ्या वस्तीला ठाऊक होती: कोरताना तो वाचत नसे. शिळा लाकडी घोडीवर आडवी टाकायची, मजकुराचा कागद वर चिकटवायचा आणि आपण डोक्याकडून कामाला लागायचं, म्हणजे अक्षरं उलटी दिसतात. मजकूर कळला की हाताला घाई सुटते, असं तो म्हणे. उलट्या अक्षराला अर्थ नसतो, नुसतं वळण असतं. वळणाशी इमान राखलं की झालं. चाळीस वर्षांत त्याची एक वेलांटी चुकली नव्हती.

ही शिळा मात्र घरची होती. युद्धात वस्तीतली एकेचाळीस माणसं शाळेच्या भिंतीशी उभी करून मारली, त्यांची ही नावं. सतराव्या ओळीत आई. इतक्या वर्षांनी सरकारने स्मारकाला होकार दिला, तो दादाच्या चपला झिजल्या म्हणून. समितीचा अध्यक्षही दादाच. मजकुराचा कागद त्यानेच आणून दिला आणि धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, नेहमीसारखंच कर रे बाबा, सावकाश. त्या हाताची ऊब पाथरवटाला सहा आठवडे पुरली.

अनावरणाच्या आदल्या दिवशी ताई आली. ओल्या फडक्याने आईच्या नावावरची भुकटी पुसून तिने त्यावर गाल टेकला. मग शिळेच्या पायथ्याकडे जाऊन वाचू लागली आणि पहिल्याच ओळीला अडली.

"नऊ तारीख कशी रे?"

तो वळसा घालून तिच्या शेजारी आला. पाहतो तर खरंच नऊ.

तह झाला होता अकराला. आई गेली तेराला, आणि तेराला वस्तीत शत्रूचा एकही माणूस उरला नव्हता. शत्रूला अन्नपाणी दिलं म्हणून भिंतीशी उभं केलं ते आपल्याच सैन्याने. कोळशाच्या खोलीच्या फटीतून दोघा भावांनी ते पाहिलं होतं. धाकट्याने ओरडू नये म्हणून दादाने त्याचं तोंड दाबून धरलं होतं. नऊला वस्ती शत्रूच्या ताब्यात होती; नऊ म्हटलं की पाप त्याच्या माथी, आपलं सैन्य हात झटकून मोकळं.

निरोप जाताच दादा आला, स्टुलावर बसला. नऊ नाहीतर दगडच नाही, असं वरून सांगितलं होतं म्हणाला. नावं तरी राहतील. आपण तिघं आता किती दिवसांचे सोबती?

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कोरलं नसतंस." दादा चष्मा पुसत राहिला. "आणि तू वाचत नाहीस, हे मला माहीत होतं."

सरकारने फसवलं, ते पाथरवटाने लहानपणीच गिळलं होतं. पण जी सवय त्याने पूजेसारखी सांभाळली, तिच्याच आडून सख्ख्या भावाने त्याच्याच हातांनी आईचं मरण खोटं करून घेतलं होतं. हा घास काही घशाखाली उतरेना.

दगडात भर घालता येत नाही, काढता मात्र येतं. दादा गेल्यावर त्याने छिन्नी उचलली आणि अख्खी तारीख खणून काढली. ओंजळभर खळगा राहिला. आता लोक दादाला विचारतीलच, तो ताईला म्हणाला, आणि आईच्या नावासमोर उभं राहून दादाला खोटं बोलवणार नाही. मग कापड गुंडाळून शिळा रवाना केली.

दुसऱ्या दिवशी पडदा सरला. मोठ्या पाहुण्याने खळग्याकडे बोट करून विचारलंच, हे काय? दादाने खळग्याकडे पाहिलं, भावाकडे नाही.

"दगडातच भेग होती, साहेब. धाकट्याच्या नजरेतून सुटली. वय झालंय त्याचं."

लोक मायेने हसले.

पाथरवट पुढे झाला. उभ्या शिळेवर अक्षरं सुलटी होती. जन्मात पहिल्यांदा तो आपलं काम मोठ्याने वाचू लागला. खळग्यावर बोट ठेवून म्हणाला, "तेरा तारीख. आपल्याच सैनिकांनी." मग एकेक नाव. कुणीतरी खूण केली आणि बँड वाजू लागला, तरी तो थांबला नाही. सतराव्या ओळीला ताईचा आवाज मिसळला.

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. आईचं नाव ऐकताच त्याचा तळवा वर गेला, तसाच घट्ट, कोळशाच्या खोलीतल्यासारखा. पण या वेळी त्याने दाबलं ते स्वतःचंच तोंड.