बरणीतला हात

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. रंग तपकिरी, पोट मोठं, गळा आखूड, आणि झाकणाचा एका बाजूला टवका गेलेला. तुमच्या घरी लोणच्याची बरणी असेल, तिची मी लांबची बहीण. फरक इतकाच, की तिला एकदा भरून तोंडाला दादरा बांधला की महिनोन्महिने कुणी पाहिलं नाही तरी चालतं. माझं तसं नाही. माझ्या पोटात रोज कुणाचा तरी हात जावा लागतो.

माझा जन्म जपानमधल्या तोकोनामे गावच्या भट्टीतला. एका बाईंनी मला घरी नेलं आणि माझ्यात तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी आणि दोन सुक्या मिरच्या घातल्या. हा ओला कोंडा म्हणजे माझा जीव. दह्याच्या विरजणासारखा तो जिवंत असतो. संध्याकाळी त्यात काकडी, गाजर नाहीतर मुळा पुरून ठेवला, की सकाळी तो खारट, आंबूस आणि करकरीत होऊन निघतो. मात्र कोंडा रोज तळापासून वर घोळवायचा, आणि तोही नुसत्या हाताने. ज्याचा हात, त्याची चव. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन घरांची काकडी कधी सारखी लागत नाही.

त्या बाईंची मुलगी चिकागे. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, ताकुमाबरोबर, कॅनडात कॅल्गरीला निघाली, तेव्हा आई मला तिच्या थंडीच्या कोटात गुंडाळायला बसली.

"आई, तिथे सगळं मिळतं," चिकागे म्हणाली.

"मिळत असेल. माझा हात मिळतो का, ते विचार दुकानात."

पुढच्याच वर्षी आई गेली. तिच्या हातचं असं जे काही उरलं, ते माझ्या पोटात होतं. चिकागे त्याबद्दल बोलायची नाही. रोज सकाळी बाही वर सारून हात घालायची, तळाचा कोंडा वर आणायची, वरून थोपटून सारखा करायची आणि कामाला लागायची.

कॅल्गरीत माझे दिवस चांगले गेले. तिथल्या लांब, जाड सालीच्या काकड्या मला मानवेनात, तर चिकागेने कुठून तरी बुटक्या, पातळ सालीच्या शोधून आणल्या. रात्रीच्या जेवणाला गरम भात, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार, भाजलेला बांगडा, आणि शेजारी छोट्या बशीत माझ्या फोडी. ताकुमा दिवसभर कचेरीत इंग्रजीत हसून दमलेला असायचा. पहिली फोड करकर चावून झाली की तो म्हणायचा, "आत्ता कुठे बूट निघाले."

खालच्या मजल्यावर तागाशिरा आजी राहायच्या. त्यांचा जन्म कॅनडातलाच, बीटच्या मळ्यावरचा. जपानी बोलायच्या ती लहान मुलांसारखी, आईबापांकडून कानावर पडलेली तेवढीच. चिकागेने एकदा त्यांना वाटीभर फोडी नेऊन दिल्या, तर आजी गुडघे धरत जिना चढून वर आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या आईची अशीच बरणी मळ्यावरच्या खोपटात होती. आई गेली, मग तिच्यात कुणी हात घातला नाही. एवढं सांगून त्यांनी विरजण मागितलं. चिकागेने निळ्या झाकणाच्या डब्यात माझ्यातला कोंडा दाबून भरून दिला. डबा परत आला तेव्हा त्यात आजींच्या हातचा बेरींचा जॅम होता. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. तेव्हापासून तो डबा भरलेलाच वर-खाली फिरत राहिला.

मग चिकागेला दिवस राहिले. डोहाळे वगैरे दूरच, तिला भाताची वाफसुद्धा सोसेना. माझं तर झाकण उघडलं की ती तोंडावर पदर धरावा तशी बाही धरून पळायची. आईचा वास आणि तोच आपल्याला नको व्हावा, याचं तिला रडू यायचं. ताकुमाने मला बाल्कनीजवळच्या कपाटात हलवलं आणि तिला म्हणाला, "तू पडून राहा. तुझ्या आईला मी सांभाळतो."

आणि त्याने खरंच मनापासून सांभाळलं. पण हाताला वास लागला तर चिकागेला त्रास होईल, म्हणून तो रबरी मोजे घालायचा, आणि वर लांब दांड्याचा चमचा. चमचा वरवर फिरायचा. तळाला हवा पोचायची नाही. त्यात उन्हाळा. एके दिवशी झाकण उघडलं तर वर पांढरा थर धरलेला आणि वास नाकात झोंबणारा.

मित्रांनो, यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तो थर काढून टाकायचा, वर मूठभर मीठ घालायचं आणि तळापर्यंत हात घालायचा, बस. चिकागेने पलंगावरूनच सांगितलं असतं. पण तिला विचारलं तर ती काळजी करेल, म्हणून ताकुमाने विचारलं नाही. समोरच्याला त्रास नको म्हणून गप्प राहायचं, हा आमच्या लोकांचा मोठा गुण आहे आणि मोठी खोडही. त्याने सगळा कोंडा खरवडून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सकाळी गाडी आली आणि घेऊन गेली. मग त्याने मला गरम पाण्याने, साबणाने घासघासून धुतलं आणि जपानी दुकानातून तयार कोंड्याची पिशवी आणून माझ्यात ओतली. इतकी स्वच्छ मी भट्टीतून निघतानाही नव्हते.

पानं पिवळी पडायला लागली तशा चिकागेच्या ओकाऱ्या थांबल्या. एका सकाळी तिने वाडगाभर भात खाल्ला, आणखी थोडा घेतला आणि म्हणाली, "रविवारी आईची काकडी खाणार मी. निम्मी नाही, अख्खी."

ती तपासणीला दवाखान्यात गेली, तेव्हा ताकुमाने माझ्यातली काकडी काढून चाखली. मीठ होतं. आंबटपणाही होता. पण त्यात कुणी नव्हतं. उरलेली काकडी त्याने ओट्यावर ठेवली. मग त्याने निळ्या झाकणाचा डबा घेतला आणि तो तसाच, रिकामा घेऊन जिना उतरला.

दिलेली वस्तू परत मागायला जाणं आमच्यात फार अवघड. खाली तो काय बोलला ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने आजीच त्याच्यामागून वर आल्या, डबा भरून घेऊन.

"रिकामा डबा घेऊन दारात उभा," आजी माझं झाकण काढत म्हणाल्या. "मला वाटलं, एक तर कुणी गेलं, नाहीतर याने काहीतरी फेकलं."

त्यांनी आपल्या घरचा निम्मा कोंडा माझ्यात घातला. ताकुमाने सवयीने मोजे उचलले.

"ते ठेव बाजूला."

"आजी, हाताला वास राहतो. चिकागेला..."

"राहू दे. आता तिला खायचंय ना? मग घाल हात."

त्याने घातला. पहिल्यांदाच. हात गार होता आणि दबकत होता, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. आजींनी त्याचं मनगट धरून त्याला तळापर्यंत नेलं. चिकागेला सांगू की नको, असं त्याने हळूच विचारलं. आजी म्हणाल्या, "तुझं तू बघ. पण ती चावणार आहे, हे लक्षात ठेव."

रविवारी भात झाला, सार झालं, बांगडा भाजला. चिकागेने पहिली फोड तोंडात घातली आणि चावता चावता थांबली. तिने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"यात हात कुणाचा आहे?"

ताकुमाने सगळं सांगितलं. मोजे, चमचा, पांढरा थर, कचऱ्याची गाडी, आजी. चिकागे उठली, कपाटापाशी आली, बाही वर सारली आणि किती तरी महिन्यांनी माझ्यात हात घातला. कोपरापर्यंत. मूठ काढून तिने नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला उचलून अडगळीत ठेवून देणार, कायमची.

"आहे," ती म्हणाली. "जरा लांब गेलीय. पण आहे."

तिने वरून कोंडा थोपटला, झाकण लावलं आणि हात न धुता जेवायला बसली.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "उद्या सकाळी तू घाल हात. आणि ते मोजे भांड्यांना ठेव."

दुसऱ्या दिवशी निळ्या झाकणाचा डबा फोडींनी भरून खाली गेला.

आता मी परत स्वयंपाकघरात आहे. माझ्यात दोन हात येतात, आणि कधी आजींचा. घरात एक मुलगी रांगते. तिच्या आईच्या आईला तिने पाहिलेलं नाही. तिची आई तिला कडेवर घेऊन माझ्यापाशी उभी राहते, तिचं बोट कोंड्याला लावते, आणि ती ते बोट सरळ तोंडात घालते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरीही असं काही असेल, किंवा कुणी असेल, ज्याला रोज थोडा हात लागतो. त्याला मोजे घालून, लांब चमच्याने सांभाळू नका. वास लागतो, मला माहीत आहे. लागू द्या.