जिभेला न लावलेला मोह

माझी जीभ माझं पोट भरते. नागपूरच्या एका कॅफेत मी कॉफी करते आणि वर्षातून एकदा कॉफी करणाऱ्यांच्या स्पर्धेत उतरते. दिवसाला चाळीस कप चाखायचे आणि थुंकायचे, हे माझं काम. अहेरीकडच्या आमच्या गावात हे सांगितलं की लोक हसतात. थुंकायचंच होतं तर तोंडात घेतलं कशाला, म्हणतात.

या वर्षी स्पर्धेत स्वतःचं नवं पेय मांडायचं होतं. बाकीचे संत्रं, वेलची, गुलकंद यांच्या मागे लागलेले. मला मोहफूल हवं होतं, तेही ताजं. बाजारातल्या सुकलेल्या फुलाला गुत्त्याचा वास येतो. पहाटे झाडाखाली पडलेल्या फुलाचा वास वेगळाच. तो नेमका कसा, हे मात्र आठवेना, कारण सात वर्षं मी मोहाच्या दिवसांत गावी गेलेच नव्हते. तोच किडा डोक्यात वळवळत राहिला.

मार्चअखेर गाव गाठलं. माझ्या बापाची बहीण सुकरीआत्या पहाटेच टोपली घेऊन निघाली, मी मागोमाग. झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता. एक उचललं, नाकाशी नेलं आणि सवयीने तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट धरून चांगलं पिरगाळलं.

"पंडुम झाला नाई अजून. विसरली का?"

विसरलेच होते. आमच्याकडे नवं फूल, नवं फळ गावच्या देवाला दिल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. ते द्यायचा दिवस म्हणजे पंडुम; तो गावचा पुजारी, म्हणजे गायता, ठरवतो. त्याआधी वेचायला, सुकवायला हरकत नाही. चाखायचं तेवढं नाही.

"कधी हाय?"

"गायता सांगन तवा. पंधरा दिवस तरी लागन."

"माही स्पर्धा धा दिवसांवर हाय, आत्या! अन् लोकायले पाजाचं हाय."

आत्या जरा विचारात पडली. "त्यायचे नेम त्यायच्यापाशी. तू नको लावू तोंडाले. नाक हाय ना तुले? वासानं कर."

तिने पळसाच्या पानांत फुलं बांधून दिली.

नागपूरला कॅफेच्या मागच्या खोलीत मंद गॅसवर फुलांचा पाक केला. दार बंद, आत मी एकटी, बोटावर पाकाचा थेंब. पंडुमाचा देव नागपूरपर्यंत येतो का, असाही विचार करून पाहिला. मग बोट धुऊन टाकलं. का, ते मला धड सांगता आलं नसतं. मनगट अजून दुखत होतं, एवढंच.

शेवटी माझ्यासोबत काम करणाऱ्या रोशनला धरलं. हा माजरीचा गडी. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जिभेची वाट लागलेली. आठवडाभर त्याचा खर्रा बंद केला, तेव्हा तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

"कसं लागते?"

"गोड."

"गोड म्हणजे? गुळावानी का मनुकेवानी?"

त्याने डोळे मिटले. "ओल्या गवताच्या गंजीत डोकं घातल्यावानी. अन् मंग मनुका."

मी लिहून घेतलं. मी वास घ्यायची, पाक कमीजास्त करायची, तो प्यायचा. गंमत म्हणजे चौथ्या दिवशी तो काय म्हणणार हे मला वासावरूनच कळायला लागलं. फक्त एक सोडून.

"काहीतरी कमी हाय," तो दरवेळी म्हणायचा.

"काय?"

"ते मले सांगता येत नाई."

लिंबू घातलं, कॉफी कडक केली. कमी ते कमीच राहिलं.

बंगळुरूच्या स्पर्धेत परीक्षकांपुढे कप ठेवले. आधी ओलं गवत लागेल, मग मनुका, असं सांगितलं. आणि मी स्वतः हे चाखलेलं नाही, हेही कारणासकट सांगून टाकलं. एका बाईंच्या भुवया वर गेल्या, पण कप त्यांनी रिकामा केला. शेरा आला: सुगंध अप्रतिम, गोडवा एकटा पडतो. अंतिम फेरीत सहा जण जाणार होते. अर्ध्या गुणाने मी सातवी आले.

परतीच्या वाटेवर मनातल्या मनात आत्याशी भांडत होते. एका थेंबाने काय आभाळ कोसळणार होतं? राग इतका आला होता की उरलेला पाक आणि कॉफी घेऊन तडक गावीच गेले.

दोन दिवसांनी पंडुम होता. झाडाखाली सगळं गाव जमलं. फुलं देवापुढे ठेवण्याआधी गायता पत्रूभाऊंनी विचारलं, "कोनी आधी तोंडाले लावलं असन तं सांगून टाका."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वळणारच, शहरात फुलं मीच नेली होती. एकट्या आत्याने पाहिलं नाही. ती खाली मान घालून द्रोण लावत होती. तिला विचारायची गरजच वाटली नव्हती.

"मी नाई चाखलं, भाऊ."

देवाचं झाल्यावर भाजलेली फुलं हातावर आली. पहिलं तोंडात टाकलं. ओलं गवत, मग मनुका. रोशन खरा होता. आणि तिसऱ्या घासाआधीच मला कळलं. मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं.

"काऊन रडून राह्यली?"

"मीठ पाहिजे होतं, आत्या. चिमूटभर मीठ."

आत्याने कमरेची पुरचुंडी सोडून मीठ माझ्या तळहातावर ठेवलं.

"मंग आता टाक तुह्या कॉफीत. आमी तं कोनीच पेलो नाई अजून."